मागच्याचा श्वास

खिडकी बंद ठेवायची सवय असली तरी आज थोडा वेळ ती उघडी राहू द्या. अंधेरी-कुर्ला रोड, एस. व्ही. रोड, एलबीएस मार्ग, नाहीतर दोन द्रुतगती महामार्गांपैकी एखादा. उपनगरात राहणाऱ्याला यांपैकी कुठला ना कुठला रस्ता घरबसल्या ऐकू येतोच. पाठ टेकून बसा. पाय जमिनीला लागू द्या. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा, नाहीतर उघडे असू द्या. घाई मात्र नको.

आज ज्याचं मनन करायचं आहे ती गोष्ट आपल्या हातून रोज घडते आणि तिच्याकडे आपली पाठ असते. गाडी सुरू होते, आपण पुढे बघतो, आणि मागे सायलेन्सरच्या तोंडातून काहीतरी बाहेर पडतं. ते आत कसं तयार होतं, बाहेर येण्याआधी त्याला कोण आवरतं, किती स्वच्छ करतं, आणि जे उरतं ते कुणाच्या छातीत जातं, हे एकेक करून सावकाश पाहू या.

आधी नुसतं ऐका. रस्त्याचा आवाज म्हणजे एकच गोंगाट वाटतो, पण थोडा वेळ दिला की तो सुटा होत जातो. रिक्षाची फटफट वेगळी, उड्डाणपुलाच्या चढाला लागलेल्या मोटरसायकलचा ताणलेला सूर वेगळा. टेम्पोचं डिझेल इंजिन खालच्या पट्टीत धडधडतं. मधेच बेस्टची विजेवरची बस जाते आणि टायरच्या सरसरीशिवाय तिचं काही कळत नाही. तिला सोडून बाकी प्रत्येक आवाज म्हणजे बंद सिलिंडरमध्ये एकामागून एक होणारे लहान लहान स्फोट आहेत. त्या प्रत्येक स्फोटाला हवा लागते.

आता लक्ष स्वतःच्या श्वासावर आणा. स्वस्थ बसलेला मोठा माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो. दिवसभराची बेरीज दहा हजार लिटरच्या आसपास जाते. हा आकडा धरून ठेवा आणि दुसरा आकडा पाहा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. म्हणजे त्याला ११ किलो हवा हवी, आणि तेवढी हवा नऊ हजार लिटरहून थोडी जास्त जागा व्यापते. तुम्ही पूर्ण दिवसात जेवढी हवा घ्याल, जवळजवळ तेवढीच एक लिटर पेट्रोल घेतं. अंधेरी स्टेशनहून लोखंडवालापर्यंत जाऊन परत येताना रस्ता तुंबलेला असला, की एवढं पेट्रोल सहज जळून जातं.

या दोन आकड्यांपाशी थोडं बसा. घरातली माणसं आणि रस्त्यावरची गाडी एकाच हवेचे वाटेकरी आहेत. गाडी आपला वाटा घेते आणि बदलून परत करते. ती कशी बदलून देते, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

०००

आता मनाने सिलिंडरच्या आत चला. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. ठिणगी पडते, हवेतला ऑक्सिजन त्यांना मिळतो, आणि सगळं नीट जुळलं तर शेवटी फक्त कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरायला हवी. पण नीट जुळायला वेळ नसतो. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात दट्ट्याच्या एका खेपेला सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो. एवढ्या वेळात पेट्रोलचे काही कण सिलिंडरच्या भिंतीलगतच्या फटींत अडकून न जळताच बाहेर पडतात. जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथे कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

तिसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. स्फोटाच्या क्षणी आतलं तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. हवेत जवळजवळ चार पंचमांश नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाशी फारसा संयोग करत नाही. आपण जन्मभर तो श्वासात घेतो आणि जसाच्या तसा सोडतो. पण त्या उष्णतेत तोही फुटतो आणि ऑक्सिजनला मिळून नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात. म्हणजे हे विष पेट्रोलमधून आलेलंच नसतं. ते आपल्या निरुपद्रवी हवेतूनच घडवलेलं असतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. प्रत्येक थेंब बाहेरून जळतो, आतल्या गाभ्याला ऑक्सिजन पोचत नाही, आणि त्या गाभ्याची काजळी होते.

इथे इंजिन बनवणाऱ्यांची खरी अडचण आहे, आणि ती शांतपणे समजून घेण्यासारखी आहे. ज्वाला जास्त तापवली, हवा जास्त दिली, की काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होतात, पण नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. ज्वाला थंड ठेवली की ती कमी होतात आणि काजळी परत येते. एक अपाय दाबला की दुसरा डोकं वर काढतो. म्हणून नुसतं इंजिन सुधारून भागलं नाही. जे आत टळत नाही, ते बाहेर पडण्याआधी वाटेत पकडावं लागलं.

यातला एकेक अपाय माणसाच्या शरीरात काय करतो तेही पाहा. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिका चुरचुरवतो, दमेकऱ्याला दमवतो, आणि उन्हात न जळलेल्या इंधनाच्या वाफांशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतो. काजळीचे कण इतके बारीक असतात की नाक-घशात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. डिझेलच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला.

०००

आता थोडं मागे जाऊ. नव्वदच्या दशकातला उपनगरातला एखादा नाका डोळ्यांपुढे आणा. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना आणायला वेळ लागणार नाही. टू-स्ट्रोक रिक्षा पेट्रोलबरोबर ऑइलही जाळत, आणि मागे निळसर पांढरा लोट सोडत. डिझेलच्या गाड्या काळा धूर ओकत. मागच्या माणसाचा हात आपोआप नाकाकडे जाई, साडीचा पदर तोंडावर येई. धूर दिसत होता, आणि दिसत होता म्हणून त्याच्याशी भांडताही आलं.

१९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जी याचिका गेली, ती करणाऱ्या संघटनेच्या नावातच ही गोष्ट होती: स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम, धुराने बाधलेल्या रहिवाशांचा मंच. त्या वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयाच्या आदेशाने तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशी आल्या, त्यावर आदेश निघाले, आणि पुढच्या काही वर्षांत शहरातल्या जुन्या टॅक्सी-रिक्षांना सीएनजीसारख्या स्वच्छ इंधनावर यावं लागलं. महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली होती. तिचं जाळं पसरत गेलं तसे उपनगरात गॅसचे पंप वाढले, आणि त्यांच्यापुढे रिक्षांच्या रांगाही लागल्या.

त्या रांगेकडे आज आदराने पाहा. मुंबईत रिक्षा फक्त उपनगरातच चालते. माहीम आणि शीवच्या पलीकडे तिला परवानगी नाही. म्हणून इथल्या हवेतला हा बदल बराचसा रिक्षावाल्याच्या पाठीवरून आला आहे. गाडीत गॅसचं किट बसवण्याचा खर्च त्याने सोसला. धंद्याच्या वेळेतून रांगेचा वेळ त्याने दिला. दोन्ही बाजूंनी उघड्या गाडीत बसून इतरांच्या गाड्यांचा धूर दिवसभर घेणाराही तोच आहे.

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो. कार्बनला कार्बन जोडलेले नसल्यामुळे त्याची काजळी फारच थोडी होते. काळा धूर गेला तो यामुळे. पण ज्वाला तापतेच, म्हणून नायट्रोजनची ऑक्साइडं राहतात. न जळता निसटलेला मिथेन वातावरणाला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी तापवतो. फरक एवढा झाला की आता बहुतेक काही दिसत नाही.

या मननाचं कारण इथे आहे. पंचवीस वर्षांत आपण धूर खरंच कमी केला, आणि त्याबरोबर उरलेला धूर डोळ्यांना दिसेनासा झाला. दिसणाऱ्या धुराविरुद्ध माणूस चटकन उभा राहतो. न दिसणारा आधी मनाने पाहावा लागतो. त्यासाठी शिकावं लागतं, आठवण ठेवावी लागते, आणि अधूनमधून असं बसावं लागतं.

०००

आता सायलेन्सरच्या नळीत शिरा. इंजिनापासून थोड्या अंतरावर ती एका जागी फुगीर असते. तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आत चिनीमातीसारख्या पदार्थाची, मधाच्या पोळ्यासारखी हजारो बारीक छिद्रांची वीट असते. त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या धातूंचा अगदी पातळ थर असतो; सगळं मिळून वजन काही ग्रॅम. वायू त्या छिद्रांतून वाहतो आणि भिंतींना घासत जाताना बदलतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं इंधन जळून जातं, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांची फोड होऊन नायट्रोजन पुन्हा सुटा होतो. धातू मात्र झिजत नाही. तो फक्त भेट घडवून आणतो आणि बाजूला राहतो.

ही तिन्ही कामं एकाच वेळी व्हायची तर हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण १४.७ ला एक याच्या अगदी जवळ ठेवावं लागतं. त्यासाठी नळीत एक सेन्सर असतो. तो जाणाऱ्या वायूतला ऑक्सिजन सतत मोजत राहतो आणि इंजिनाला कमी-जास्त सांगत राहतो. गरम झालेला, निरोगी कन्व्हर्टर यातला नव्वद टक्क्यांहून अधिक अपाय वाटेतच संपवतो. याचा आवाज येत नाही, याचं कुणी कौतुक करत नाही. आज करू या.

आणि हे एकट्या विटेचं काम नाही, हेही ध्यानात येऊ द्या. पेट्रोलमध्ये शिसं असलं तर हे धातू काही टाक्यांतच निकामी होतात. म्हणून १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही यावं लागलं. २००० मध्ये देशभरातून शिशाचं पेट्रोल गेलं. गंधकाचंही तसंच. भारत स्टेज-४, म्हणजे बीएस-४ या मानकाच्या इंधनात दहा लाख भागांत ५० भाग गंधक चालत होतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ते १० वर आलं. ते काढण्याचं काम तेलशुद्धीकरण कारखान्यांत होतं, आणि त्यांतले दोन घाटकोपरहून फार लांब नाहीत, माहुलला आहेत. त्याच माहुलचे रहिवासी आसपासच्या उद्योगांच्या दूषित हवेविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले होते. आपल्या टाकीत स्वच्छ इंधन येतं तेव्हा त्यांची आठवण असावी. एका जागचा भार हलका करताना तो दुसरीकडे कुठे टेकतो, हे पाहणं मननाचाच भाग आहे.

आता या विटेची मर्यादा पाहा. अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय ती काम करत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं सगळा अपाय जवळजवळ तसाच बाहेर जातो. बोरिवलीत सोसायटीच्या आवारातून निघून एखाद्या किलोमीटरवरच्या स्टेशनपर्यंत कुणाला सोडायला जाणारी मोटार आठवा. तिचा कन्व्हर्टर नीट तापतो न तापतो तोवर स्टेशन येतं. लांबच्या प्रवासापेक्षा ही जवळची खेप किलोमीटरमागे जास्त मळकी असते. आणि जी खेप सगळ्यात मळकी, तीच पायी जाण्याइतकी जवळची असते. हे वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणा आणि आपल्या रोजच्या खेपांपैकी कोणती त्यात बसते ते बघा.

डिझेलच्या नव्या गाड्यांत आणखी एक गाळणी असते, डीपीएफ. तिच्या बंद टोकांच्या सूक्ष्म नळ्यांत काजळी अडकते. गाळणी भरत आली की साचलेली काजळी सुमारे सहाशे अंशांना आतल्या आत जाळून टाकावी लागते. मोठ्या गाड्यांत त्यापुढे युरियाचं पाणी फवारलं जातं. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, त्याचा अमोनिया होतो, आणि तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांना पुन्हा साध्या नायट्रोजनकडे नेतो. शेतात पडणाऱ्या युरियाचा हाच रेणू इथे शहराची हवा सांभाळतो.

पण गाळणी जाळायला गाडी काही वेळ सलग धावावी लागते. मुलुंडहून घाटकोपरकडे एलबीएस मार्गाने निघालेली गाडी कितीदा सलग धावते? भांडुपला थांबते, कांजूरला थांबते, विक्रोळीला थांबते. गाळणी भरत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग कुणीतरी सुचवतं की हे काढूनच टाकू, पिकअप वाढेल, अॅव्हरेज वाढेल. मोटरसायकलला जोरात वाजणारा सायलेन्सर लावतानाही तेच होतं. मूळ सायलेन्सरबरोबर त्याच्या पोटातला कन्व्हर्टरही जातो. त्या क्षणी काय घडतं ते नीट पाहा. रसायनशास्त्रज्ञांचं अनेक पिढ्यांचं काम, न्यायालयात गेलेल्या रहिवाशांची चिकाटी, इंधन शुद्ध करण्यावर झालेला अवाढव्य खर्च, हे सगळं एका पान्याने खाली उतरवलं जातं. गाडी चालवणाऱ्याला त्याचं काहीच कमी झाल्यासारखं वाटत नाही. कमी होतं ते मागच्याचं.

०००

गाडीच्या कागदपत्रांतलं पीयूसी, म्हणजे धूर तपासल्याचं प्रमाणपत्र, आठवा. पेट्रोल पंपाच्या कडेला उभी असलेली छोटी व्हॅन किंवा टपरी, सायलेन्सरमध्ये घातलेली नळी, नंबर प्लेटचा फोटो, आणि हातात पडलेला कागद. आपण त्यावरची मुदतीची तारीख बघतो आणि घडी घालून ठेवतो. दंड दहा हजारांपर्यंत होऊ शकतो, म्हणून तारीख पाळतो. आज त्या कागदावरचे बाकीचे आकडे वाचा. पेट्रोलच्या गाडीचं इंजिन उभ्या जागी चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन मोजलेलं असतं. बीएस-४ मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. डिझेलच्या गाडीत अॅक्सिलरेटर दाबून सोडलेल्या धुरातून प्रकाश किती अडतो ते पाहिलेलं असतं. गेल्या वेळचा कागद सापडला तर शेजारी ठेवा. आकडा चढत चालला असेल तर इंजिन काहीतरी सांगतं आहे. एअर फिल्टर बदलायला झाला असेल, स्पार्क प्लग झिजला असेल, सेन्सर खोटं सांगत असेल.

कागदावर काय नाही तेही वाचा. नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात नाहीत. अतिसूक्ष्म कणांची मोजणी नाही. गाडी चढावर ओझं घेऊन जाताना काय सोडते, ते नाही. नव्या गाड्यांसाठी कारखान्याच्या पातळीवर नियम फार पुढे गेले आहेत. डिझेल मोटारीची नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा बीएस-४ ला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम होती, ती बीएस-६ ला ०.०८ झाली, कणांची ०.०२५ वरून ०.००४५ वर आली. एप्रिल २०२३ पासून नव्या मॉडेलांची तपासणी प्रयोगशाळेबाहेर खऱ्या रस्त्यावरही करावी लागते. हे सारं चांगलंच झालं. पण गाडी शोरूममधून बाहेर पडली की पुढची दहा-पंधरा वर्षं ती मालकाच्या आणि मेकॅनिकच्या हाती असते. कायदा गाडी स्वच्छ जन्माला घालू शकतो. तिला स्वच्छ ठेवणं रोजचं काम आहे, आणि ते ज्याच्या ताब्यात किल्ली आहे त्याचं आहे.

०००

आता सगळ्यात महत्त्वाच्या जागी येऊ. आपली गाडी सिग्नलला उभी आहे असं समजा. साकीनाका घ्या, किंवा घाटकोपर स्टेशनकडे वळणारा रस्ता. इंजिन चालू आहे. सायलेन्सरचं तोंड मागे आहे, जमिनीपासून हात-दीड हातावर. त्याच्या मागे कोण आहे?

एक स्कूटर आहे, आणि तिच्यावर पुढे उभं राहिलेलं शाळेचं मूल. त्याचं नाक मोठ्या माणसाच्या नाकापेक्षा सायलेन्सरच्या अधिक जवळ आहे, आणि त्याचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो. एक रिक्षा आहे, तिच्यात डायलिसिसहून परतणारे आजोबा असतील. फुटपाथच्या कडेला वडापावची गाडी आहे, तिच्यापाशी उभा असलेला माणूस सकाळपासून इथेच आहे. चौकात वाहतूक पोलीस आहे. यांच्यापैकी प्रत्येकाकडे एकेक क्षण बघा. चेहरे ठरवायला वेळ घ्या. तुमच्या ओळखीच्या माणसांचे चेहरे दिले तर अधिक चांगलं.

आता स्वतःच्या पुढे पाहा. तिथेही एक सायलेन्सर आहे, आणि त्याच्या मागे तुम्ही आहात. रस्त्यावर प्रत्येक जण कुणाच्या तरी मागे असतो. मी सोडलेलं माझ्या वाट्याला सहसा पहिल्यांदा येत नाही. ते दुसऱ्याला जातं, आणि दुसऱ्याचं मला येतं. म्हणून स्वतःच्या त्रासावरून स्वतःच्या धुराचा अंदाज कुणालाच येत नाही. तो मागच्याच्या जागी मनाने जाऊनच घ्यावा लागतो.

हा धूर तिथेच थांबत नाही. दिवसा समुद्रावरून वारा येतो आणि हवा पूर्वेकडे सरकते, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो. हिवाळ्यात हा खेळ मंदावतो, जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, आणि दिवसभर सोडलेलं शहरावर साचून राहतं. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे. आपण त्याला उपनगराचं फुप्फुस म्हणतो. पण ते नाक्यावरच्या मुलाच्या नाकासमोरचा धूर गाळू शकत नाही. तो गाळायची जागा नळीच्या आत आहे.

शहराच्या हवेत गाड्यांशिवायही पुष्कळ काही असतं. रस्त्यावरची धूळ, बांधकामांची माती, उघड्यावर जाळलेला कचरा, भट्ट्या. एकूण कणांमध्ये धुळीचा वाटा मोठा असतो. तरीही गाडीच्या धुराचं वेगळेपण हे की तो माणसांच्या मधोमध, श्वासाच्या टप्प्यात, गर्दीच्या वेळी सुटतो. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी भारताची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १० आहे. दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, तेवढं काम अजून बाकी आहे.

०००

आता हे मनन पुढच्या दिवसांकडे वळवू. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली: ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. तिच्यातून जाणारा प्रत्येक जण खालच्या अंधेरी-कुर्ला रस्त्यावर धूर न सोडता पलीकडे पोचतो. जो धूर तयारच झाला नाही, त्याला गाळणी लागत नाही. विजेच्या गाड्यांचंही बरंचसं तसंच. पण उपनगरांना वर्षानुवर्षं वीज देणाऱ्यांत डहाणूचं कोळशावरचं केंद्र आहे. तिथल्या चिमणीतला गंधकाचा धूर धुऊन सोडायला लावण्यासाठी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या पर्यावरण प्राधिकरणाला आग्रह धरावा लागला. धुराचं ठिकाण बदललं तरी त्याला आवरण्याचं कर्तव्य संपत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या हवेवरच्या सुनावणीत उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हा प्रश्न विचारला, आणि राज्य सरकारने त्यासाठी सात जणांची समिती नेमली. समित्या आपलं काम करोत. तोपर्यंत आज रस्त्यावर असलेल्या गाड्या आपल्याच आहेत.

शेवटी एक संकल्प करा. एकच करा, पण निभावता येईल असा. स्टेशनपर्यंतची छोटी खेप पायी करीन. सिग्नलवरचा आकडा मोठा असेल तर इंजिन बंद करीन. तापलेला कन्व्हर्टर तेवढ्या थांब्याने थंड पडत नाही. डीपीएफचा दिवा लागला तर सुट्टीच्या दिवशी पहाटे मोकळ्या महामार्गावर गाडी सलग चालवून आणीन, आणि कुणी कितीही सांगितलं तरी गाळणी काढू देणार नाही. मुलाने मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मागितला तर त्याला शेजारी बसवून, जुन्या सायलेन्सरच्या पोटात काय आहे ते समजावून सांगेन. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर भांडण होतं तिथे पीयूसीचा विषयही काढीन. रिक्षावाल्याने गॅसच्या रांगेमुळे उशीर झाल्याचं सांगितलं तर त्याच्यावर चिडणार नाही.

यांतला तुमचा संकल्प निवडा आणि कुणाला तरी सांगा, म्हणजे तो पाळायला सोबत मिळेल. मग उठा आणि गाडीचं पीयूसी काढून आकडे वाचा. न दिसणारा धूर पाहायला आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आज तेवढंच साधन आहे, आणि मागच्याच्या श्वासाची काळजी तिथून आजच सुरू करता येते.